एकच कोड तीन ठिकाणी

बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये बचत खाते, चालू खाते आणि मुदत ठेव असे तीन क्लास असले, की त्यांतला बराचसा कोड सारखाच निघतो: खातेदाराचे नाव, शिल्लक, व्यवहाराची नोंद, एसएमएस. पहिला क्लास लिहून झाला की उरलेले दोन कॉपी-पेस्टने उभे राहतात आणि त्या दिवशी काम झटपट उरकतेही. फटका नंतर बसतो. नोंदीतल्या तारखेची चूक दोन क्लासमध्ये दुरुस्त होते, तिसऱ्यात तशीच राहते. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या ‘रिफॅक्टरिंग’ या पुस्तकात बिघडलेल्या कोडच्या लक्षणांमध्ये पहिला मान या पुनरावृत्तीचाच आहे.

यावरचा जुना उपाय इनहेरिटन्सचा. उले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या नॉर्वेजियन जोडीच्या सिम्युला ६७ या भाषेत तो आधीपासून होता. समान भाग ‘खाते’ या बेस क्लासमध्ये ठेवायचा, बाकीच्यांनी तो आयता वापरायचा. अडचण येते ती अर्धवट साम्याची. पैसे काढताना रक्कम तपासणे, वजा करणे, नोंद करणे, एसएमएस धाडणे हा क्रम ठरलेला. फरक फक्त तपासणीत. बचत खात्यात किमान शिल्लक राखावी लागू शकते, चालू खात्याला ओव्हरड्राफ्टची मुभा असू शकते. म्हणून सगळा क्रम बेस क्लासमध्ये एकदाच लिहितात आणि ‘किती काढता येतील’ एवढी छोटी मेथड ज्याची त्याने द्यायची. याचे नाव टेम्प्लेट मेथड.

मुदत ठेव मात्र या साच्यात बसत नाही. तिच्यातून हवे तेव्हा पैसे काढता येत नाहीत. मुदतीआधी ती मोडावी लागते आणि सहसा काही व्याजावर पाणी सोडावे लागते. तिला ओढूनताणून ‘खाते’ ठरवले की बेस क्लासमध्ये ‘मुदत ठेव असेल तर’ अशा अटी शिरतात आणि पुढे त्याला हात लावायला कोणी धजत नाही. एसएमएस तिलाही हवा, पण तेवढ्यासाठी सोयरीक कशाला? एसएमएस पाठवणारा वेगळा ऑब्जेक्ट करून तो तिघांनाही वापरायला दिला की भागते. १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’च्या चारही लेखकांनी इनहेरिटन्सपेक्षा या कंपोझिशनलाच झुकते माप दिले.

दिसायला सारखा कोड दरवेळी एकच असतो असेही नाही. किमान शिल्लक न राखल्याचा दंड आणि चेक न वटल्याचे शुल्क आज एकाच सूत्राने निघत असेल. उद्या बँकेने त्यातला एकच नियम बदलला, तर एकत्र केलेली मेथड पुन्हा फोडावी लागते. त्यामुळे अनेक प्रोग्रामर दुसऱ्या वेळी पुनरावृत्ती चालवून घेतात आणि तोच कोड तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की मगच तो एकत्र करतात.