फोन घ्या, पण घरी बोलायची वेळ द्या

वर्गात मोबाईल नको, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. फ्रान्सने २०१८ साली कायदा करून शाळांमध्ये मोबाईलबंदी आणली, ब्राझीलने जानेवारी २०२५मध्ये तसाच कायदा केला. आपल्याकडे सीबीएसईने २००९मध्येच परिपत्रक काढून शाळेत फोन आणायला मज्जाव केला होता. प्रश्न आहे तो फोन काढून घेतल्यानंतरचा. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात, तो पुण्या-मुंबईपेक्षा निराळा आहे, कारण इथली असंख्य मुलं शाळेतच राहतात.

जिल्ह्यातले जवळजवळ सत्तर टक्के लोक आदिवासी आहेत. आदिवासी विकास विभागाचे नंदुरबार आणि तळोदा असे दोन प्रकल्प, आणि त्यांच्या अखत्यारीत शासकीय व अनुदानित आश्रमशाळा. पाड्यावरचं लेकरू लहान वयातच तिथं दाखल होतं आणि दिवाळीला, होळीला, नाहीतर उन्हाळ्याच्या सुटीतच घर बघतं. दिवाळी सरली की अनेक घरांतले आईबाप ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत उतरतात. मग घराला कुलूप आणि आईबाप कुठल्या तरी शेताच्या बांधावर पाल ठोकून. त्या लेकरापुरतं घर म्हणजे फोनवरचा आवाज. शहरातल्या मुलाचा फोन शाळेनं ठेवून घेतला, तर संध्याकाळी आई समोरच असते. आश्रमशाळेतल्या मुलाला ती सोय नाही.

म्हणूनच वसतिगृहात पत्र्याच्या पेट्या तपासल्या की कपड्यांच्या घडीत, वहीच्या पुठ्ठ्यामागे फोन सापडतात. कधी तो बटनाचा साधा फोन असतो, कधी मोठ्या भावानं दिलेला, काच तडकलेला स्मार्टफोन. अधीक्षकांच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच. माझ्या मते मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात आईचा नंबर आहे. दुसऱ्यात आईच्या नंबरासोबत रात्री दोनपर्यंत संपत नाहीत अशा रिल्स आहेत. दोन्ही एकाच फटक्यात जप्त केले, तर रिल्स थांबतात आणि आईही तुटते. मूल मग दुसरा फोन मिळवतं आणि आणखी खोल लपवतं.

रिल्सचं नुकसान खरं आहे, ते कमी लेखून चालणार नाही. २०२४च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के, तर सोशल मीडियासाठी वापरणारी ७६ टक्के. वर्गातल्या नुकसानीबद्दल इंग्लंडमधला एक अभ्यास आपल्या उपयोगाचा आहे. बर्मिंगहॅम, लंडन, लेस्टर आणि मँचेस्टरमधल्या ९१ शाळा तपासून २०१५मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी दाखवलं, की फोनबंदीनंतर गुण वाढले ते मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे. हुशार मुलांना जवळपास काहीच फरक पडला नाही. हे आपल्याकडे नीट समजून घ्यायला हवं. घरी पावरी किंवा भिली बोलून मराठी वर्गात बसणाऱ्या मुलाला शिक्षकाचं प्रत्येक वाक्य पकडायला दुप्पट लक्ष द्यावं लागतं. त्या लक्षातला थोडासा वाटाही फोननं नेला, तर ते भरून काढायला त्याच्याकडे ना शिकवणी आहे, ना घरी शिकलेलं माणूस. स्वीडनमध्ये असाच अभ्यास झाला तेव्हा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवं. आणि बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०२५मध्ये ३० शाळांची तुलना केली, तेव्हा कडक बंदीच्या आणि सैल नियमांच्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक आढळला नाही. शाळेत वाचलेला वेळ मुलं शाळेबाहेर भरून काढत होती.

शाळेबाहेरचा तो वेळ आवरायचा तर गाव सोबत लागतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२मध्ये ते करून दाखवलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद. मुलं अभ्यासाला बसतात आणि मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा असतो. मला यातली दुसरी अट फार महत्त्वाची वाटते. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. तिथं बंधन एकट्या मुलांवर आलं, म्हणून मला वडगावचा मार्ग जास्त टिकाऊ वाटतो. शहादा, नवापूर पट्ट्यातल्या मोठ्या गावांना तो सहज जमेल. अक्राणीत घरं डोंगरभर विखुरलेली. तिथं भोंग्याचं काम आश्रमशाळेच्या घंटेलाच करावं लागेल आणि ती वाजली की गुरुजींचा, अधीक्षकांचा फोनही कपाटात गेला पाहिजे.

करोनाच्या काळात याच डोंगरात फोनला रेंज नव्हती आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हे ब्रीद टेकडीच्या माथ्याशी येऊन अडत होतं. देशाचं पहिलं आधार कार्ड ज्या टेंभली गावात २०१०मध्ये दिलं गेलं, ते शहादा तालुक्यातलं. पण त्याच जिल्ह्याच्या दुर्गम पाड्यांवर साधा कॉल लागायची मारामार होती. २०२२मध्ये केंद्रानं सिग्नलविना राहिलेल्या २४,६८० गावांसाठी फोर-जीची योजना मंजूर केली. टॉवर हळूहळू चढत आहेत, चढलेच पाहिजेत. पण टॉवरसोबत पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड येतो तशा न संपणाऱ्या रिल्सही येतात. शाळांचा नियम रेंजच्या आधी तयार असेल तर बरं.

तो कसा असावा, याचा पाया दिल्ली उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५मध्ये एका केंद्रीय विद्यालयाच्या प्रकरणात घालून दिला आहे. सरसकट बंदी अनिष्ट आणि अव्यवहार्य. वर्गात वापर नको. शक्य तिथं फोन जमा करून घ्यावा. सुरक्षिततेसाठी आणि पालकांशी संपर्कासाठी वापराला वाव असावा. आणि नियम ठरवताना पालक, शिक्षक, तज्ज्ञ यांना विचारावं. आश्रमशाळेसाठी मी त्यात एक गोष्ट आग्रहानं घालीन. फोन जमा करताना नाव लिहून चिठ्ठी द्यावी आणि त्याच कागदावर मुलाचा घरी बोलायचा वार नि वेळ छापलेली असावी. ती वेळ शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नये. ज्याच्याकडे फोनच नाही त्याला शाळेच्या फोनवरून तितकीच मिनिटं मिळावीत, आणि तीही आईबाप कामावरून पालावर परतल्यावर, रात्री आठच्या सुमारास. दुपारी बाराला लावलेला फोन उसाच्या फडात कोण उचलणार?

मुलींच्या बाबतीत जास्त जपून पावलं टाकायला हवीत. मुलाकडे फोन सापडला तर रागावणं होतं; मुलीकडे सापडला तर ‘कुणी दिला?’ हा प्रश्न थेट घरी पोचतो आणि कधी कधी तिची शाळाच सुटते, लग्नाची बोलणी सुरू होतात. फोटोवरून कुणी धमकावत असेल, तर ती मुलगी याच भीतीनं गप्प राहते. म्हणून लपवलेल्या फोनची शिक्षा फोन जमा होण्यापुरतीच ठेवावी. मुलांच्या हेल्पलाईनचा १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हे दोन्ही क्रमांक वसतिगृहाच्या भिंतीवर रंगवून घ्यावेत आणि त्यांवर फोन करायला अधीक्षिकेची परवानगी लागू नये.

हे सगळं शाळा व्यवस्थापन समितीत ठरवायला जूनमध्ये शाळा उघडते तो आठवडा योग्य. लेकरांना सोडायला आईबाप त्याच दिवसांत शाळेत येतात, दिवाळीनंतर ते जिल्ह्यातच नसतात. नियम त्यांना पावरीत, भिलीत तोंडी समजावून सांगावा, स्थलांतरात चालू राहणारा नंबर त्यांच्याकडून लिहून घ्यावा, आणि फडावर ज्याच्याकडे फोन असतो त्या मुकादमाचा नंबरही त्याच्याच खाली लिहावा.