वाळवंटातलं हिरवं खोड

अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात 2024 साली सलग 113 दिवस तापमान 100 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेलं, ही बातमी जगभर गाजली. मग शहराला सावली कुठून आणायची ही चर्चा सुरू झाली की एक नाव हमखास पुढे येतं: पालो वेर्दे. फिनिक्स ज्या राज्यात आहे त्या अ‍ॅरिझोनाने 1954 मध्येच या झाडाला राज्यवृक्ष केलं.

नाव स्पॅनिश आहे. ‘वेर्दे’ म्हणजे हिरवा. ‘पालो’चा शब्दकोशातला अर्थ काठी, म्हणून बरेच जण ‘हिरवी काठी’ असं सांगून मोकळे होतात. पण मेक्सिकोच्या सोनोरा भागात झाडालाही पालोच म्हणतात. अतिशय कठीण लाकडाचं तिथलं एक झाड ‘पालो फिएर्रो’, लोखंडी झाड. तेव्हा पालो वेर्दे म्हणजे सरळ ‘हिरवं झाड’. कोकणात हे नाव कुणी कशालाही दिलं असतं. सोनोराच्या वाळवंटात ते नेमकं याच झाडाला शोभतं, कारण त्याचं खोडसुद्धा हिरवं असतं.

या खोडाच्या सालीत हरितद्रव्य असतं. पानं बारीक, पाणी आटलं की झाड ती गाळून टाकतं आणि सालीवर अन्न तयार करत राहतं. दुष्काळ फारच लांबला तर काही फांद्याही वाळू देतं आणि उरलेला जीव वाचवतं. शास्त्रीय नाव ‘पार्किन्सोनिया’ लंडनच्या जॉन पार्किन्सन या औषधी वनस्पतींच्या जाणकाराच्या स्मरणार्थ ठेवलेलं आहे. त्यातून झाडाची काहीच ओळख होत नाही. बोलीतलं नाव मात्र झाड जगतं कशावर, तेच सांगतं.

या झाडाचा खरा अभ्यासक फॉरेस्ट श्रीव्ह. अ‍ॅरिझोनातल्याच टूसॉन शहराजवळच्या टुमामॉक टेकडीवर 1903 मध्ये वाळवंट प्रयोगशाळा उभी राहिली. श्रीव्हने तिथे उगवलेल्या पालो वेर्देच्या रोपांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. बहुतेक रोपं मेली, अगदी थोडी तगली. एकेक मोठं झाड किती मोलाचं, हे त्या नोंदींनी दाखवलं. सग्वारो या उंच निवडुंगाची कोवळी रोपं याच झाडाखाली ऊन आणि थंडीपासून बचावतात. पुढे तोच निवडुंग पाण्यात वाटेकरी होतो आणि कधी कधी आश्रय देणारं झाडच वाळतं.

याची एक काटेरी बहीण, पार्किन्सोनिया अ‍ॅक्युलिएटा, भारतातही कोरड्या भागांत कुंपणासाठी लावली गेली. ऑस्ट्रेलियात तिला देशपातळीवरचं घातक तण ठरवलं आहे. म्हणून आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्यांत वृक्षलागवड करताना परक्या वाळवंटातलं चिवट झाड शोधायची गरज नाही. हिवर, खैर, बोर, बाभूळ ही आपल्या माळाची झाडं आहेत. फिनिक्सकडून शिकायचं ते एवढंच: सावली हवी तर आधी आपल्या मातीत टिकलेलं झाड ओळखा आणि तेच लावा.