‘जैत रे जैत’ : सूडाचे यश आणि त्याचे मोल

मराठी चित्रपटाचा विषय निघाला की तमाशा, पाटीलवाडा आणि विनोद यांच्यापलीकडे आपली आठवण सहसा जात नाही. परंतु रान, कडा आणि मधमाश्या यांच्याशी एका माणसाने मांडलेल्या वैराची कथाही मराठी पडद्यावर येऊन गेली आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेल यांनी १९७७ साली दिग्दर्शित केलेला ‘जैत रे जैत’ आम्ही नुकताच शाळेच्या मुलांसमवेत पुन्हा पाहिला. त्या निमित्ताने हे चार शब्द.

कथा ठाकरवाडीतली. भगताचा मुलगा नाग्या पुण्यवंत होण्याचा ध्यास घेतो. आणि नेमका त्याचाच एक डोळा माशीच्या दंशाने जातो. पुण्याईचे हेच फळ काय, या संतापातून तो राणीमाशीशी वैर धरतो आणि लिंगोबाच्या सुळक्यावरचे पोळे उतरविण्याचा पण करतो. दारुड्या नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याची साथ करते. पोळे उतरते, परंतु त्याच माश्यांच्या दंशांनी चिंधीचा प्राण जातो.

या चित्रपटाचे पहिले सामर्थ्य त्याच्या संगीतात आहे. ना. धों. महानोर हे रानात राबणारे कवी. त्यांच्या शब्दांना हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेल्या चाली कथेला अडवीत नाहीत, पुढे नेतात. ढोलाच्या ठेक्यावर कथा सांगितली जाते आणि प्रेक्षक जणू वाडीच्या अंगणात जाऊन बसतो. दुसरे सामर्थ्य अभिनयाचे. मोहन आगाशे यांचा नाग्या हट्टी आहे, तितकाच भाबडाही. स्मिता पाटील यांची चिंधी मात्र कोणाची सावली नव्हे. आपले आयुष्य ती स्वतः निवडते. बापाच्या भूमिकेत निळू फुले आहेत. त्यांना खलनायक म्हणूनच ओळखणाऱ्यांनी हे काम अवश्य पाहावे. तिसरे सामर्थ्य म्हणजे तो डोंगर. तो येथे देखाव्यापुरता नाही. त्याच्यापुढे माणूस किती लहान, हे पडदा शब्दावाचून सांगतो. क्वचित गाण्यांची गर्दी जाणवते, इतकेच उणे.

मुधोळच्या आम्हा मंडळींना हे रान परके नाही. १९५६ पूर्वी हा तालुका नांदेड जिल्ह्यात होता, मग आदिलाबादेत गेला, २०१६ पासून निर्मळ जिल्ह्यात आहे. जिल्ह्यांची नावे बदलली; मराठी घरांतून सुटली नाही आणि गोंड-कोलामांचे डोंगरही जागचे हलले नाहीत. त्या बाजूचा एक मुलगा आमच्या शाळेत आहे. चित्रपट संपल्यावर तो उठून म्हणाला, “सर, आमचा बाबा आग्या मोहोळ काढतो, तेव्हा थोडं पोळं फांदीला ठेवतो. यानं सगळंच का पाडलं?”

आम्हाला तत्काळ उत्तर सुचले नाही. प्राणिशास्त्र सांगते की हल्ला करते ती कामकरी माशी; राणी अंडी घालते, चाल करून जात नाही. आणि माणसाला डसणाऱ्या कामकरी माशीची नांगी कातडीत रुतून राहते व ती स्वतः मरते. म्हणजे नाग्याचा खरा अपराधी त्याच दिवशी मेला होता! पुढचे सारे वैर निरपराध पोळ्याशी होते. सूडाला नेहमी एक राणी लागते. नसेल तर तो ती कल्पून घेतो.

हे दिग्दर्शक बोलून दाखवीत नाही. तो नाग्याला जिंकू देतो आणि त्या विजयाशेजारी चिंधीचे कलेवर ठेवतो. ‘जैत’ म्हणजे विजय. एवढा गोड शब्द शीर्षकात दोनदा उच्चारून अखेरीस त्याचाच कडवटपणा चाखायला लावणे, यातच या कलाकृतीचे मोठेपण आहे.

त्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितले, “तुझा बाबा नाग्यापेक्षा शहाणा आहे.” तो लाजून हसला. वाचकांनी हा चित्रपट घरातल्या मुलांसोबत अवश्य पाहावा. आणि पाहून झाल्यावर आधी त्यांना बोलू द्यावे.