मनगटावरून वाजणारें वाद्य

हल्लीं पुष्कळांच्या मनगटावर स्मार्टवॉच दिसतें. पालकांस तें बहुधा महागडें खेळणें वाटतें, आणि त्यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. परंतु त्याच घड्याळाच्या योगानें, तारेवांचून, दूर ठेवलेल्या संगणकांतील स्वर चढवितां-उतरवितां येतात व रंगमंचावरील दिवे मंद वा प्रखर करतां येतात. हें कसें घडतें, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

हवेंत हात हालवून वाद्य वाजविण्याची कल्पना नवी नव्हे. रशियन शास्त्रज्ञ लेव थेरेमिन यांनीं सुमारें १९२० सालीं असें वाद्य सिद्ध केलें कीं, वादकानें त्यास स्पर्शही करावयाचा नसे. एक हात उभ्या दांडीजवळ नेला असतां स्वर चढे. दुसऱ्या हातानें आवाज लहानमोठा होई. पुढें १९८४ सालीं डच संगीतकार मिशेल वाइसविस यांनीं ‘द हँड्स’ नांवाचें, दोन्ही हातांत घालावयाचें साधन रंगमंचावर आणिलें. स्मार्टवॉच हें त्याच कुळांतलें धाकटें भावंड होय.

घड्याळांत दोन सूक्ष्म मापकें असतात. हाताच्या वेगांतील बदल एक मोजतें, मनगटाचें वळणें दुसरें मोजतें. हीं मापें दर सेकंदास अनेक वेळां घेतलीं जातात आणि ब्लूटूथच्या अथवा वायफायच्या लहरींवरून संगणकाकडे जातात. तेथें त्यांचें रूपांतर ‘मिडी’ या वाद्ययंत्रांच्या सांकेतिक भाषेंत होतें. ही भाषा १९८३ सालीं प्रचारांत आली. तिच्यांत बहुतेक आज्ञा ० ते १२७ या आंकड्यांनीं दिल्या जातात. हात खालीं असतां ०, पूर्ण वर नेला असतां १२७, असें ठरविल्यास हात उचलतांच स्वर भरत जातो. विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें कीं, घड्याळ स्वर पाठवीत नाहीं. तें केवळ आंकडे पाठवितें. कोणत्या आंकड्याचा कोणता अर्थ, हें मनुष्यच ठरवितो.

अडचणीही आहेत. सहज डोकें खाजविलें तरी यंत्र तीही आज्ञाच समजतें. म्हणून आरंभाची व अखेरीची खूण ठरवावी लागते. लहरींस पोहोंचण्यास क्षणभर विलंब लागतो. त्यामुळें तबल्याच्या जलद बोलांपेक्षां संथ, लांब स्वरांस हें साधन अधिक मानवतें.

आमच्या मतें याचें खरें मोल निराळेंच आहे. २०२१ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या घड्याळांत अशी सोय केली कीं, मूठ मिटून किंवा दोन बोटें चिमटीसारखीं जुळवून तें चालवितां यावें. ज्यांस दुसरा हात नाहीं अथवा तो चालत नाहीं, अशांकरितां ती होती. हीच रीत वाद्याकडे वळविली, तर ज्या मुलास सुरांची जाण आहे परंतु ज्याचीं बोटें पेटीच्या पट्ट्यांवर चालत नाहींत, तोही गायनवर्गांत साथ करूं शकेल.

सूर ओळखणारा कान आणि रोजचा अभ्यास घड्याळ देत नाहीं; तीं ज्याचीं त्यानेंच मिळवावयाचीं. मात्र धन्यानें सोंपविलेलें धन भुईंत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत आपणांस ठाऊक आहे. अशा मुलाची देणगी पुरली जाते ती त्याच्या आळसानें नव्हे, तर आपल्या अनास्थेनें. तेवढी तरी आपण पुरूं नये.