सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेतील काही शब्द

सार्वजनिक प्रश्नांवरील वाद वस्तुस्थितीविषयी चालले आहेत असे वरवर पाहता वाटते. परंतु बारकाईने पाहिले असता उभय पक्ष एकच शब्द दोन निराळ्या अर्थांनी योजीत आहेत, असे पुष्कळदा आढळून येते. राज्यकारभार, आरोग्य आणि समाजव्यवस्था ही क्षेत्रे जेथे एकमेकांस भिडतात, तेथे हा घोटाळा विशेषच संभवतो. वैद्यकातील शब्द शासनाच्या आदेशात शिरतो, आदेशातून वृत्तपत्रात येतो आणि तेथून लोकांच्या तोंडी रुळतो. या प्रत्येक टप्प्यावर त्याचा अर्थ थोडाथोडा सरकत असतो. प्रस्तुत लेखात अशा काही मराठी शब्दांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम लोकांनी स्वतः घडविलेल्या शब्दांकडे पाहू. 'देवी' या रोगनामात भय आणि भक्ती ही दोन्ही एकवटली आहेत. रोगाचे नाव सरळ न घेता त्यास देवतेचे नाव द्यावयाचे, ही भाषेतील वर्ज्यतेची परिचित रीत होय. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, प्रतिबंधक उपाय आला तेव्हा मराठी माणसाने हे नाव टाकले नाही. त्याच नावाला क्रियापद जोडून 'देवी काढणे' असा प्रयोग सिद्ध केला. 'लस' या शब्दाचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. जखमेतून किंवा फोडातून पाझरणारा चिकट द्रव हा त्याचा मूळ अर्थ. 'जखमेतून लस वाहते' असे आपण आजही म्हणतो. जेन्नरने १७९६ साली गोस्तन देवीच्या फोडातील द्रव घेऊन टोचण्याचा प्रयोग केला आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीस हिंदुस्थानातील पहिली लस टोचण्यात आली. त्या काळी एकाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडात टोचीत असत. तेव्हा 'लस' हे प्रत्यक्ष डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूचे नाव होते. असा शब्द लोकांना समजावून सांगावा लागत नाही.

शासनाच्या आदेशातून आलेल्या शब्दांची गोष्ट वेगळी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. वैद्यकाने त्यास 'ग्रंथिक सन्निपात' असे संस्कृत नाव दिले, पण व्यवहारात 'प्लेग' हाच शब्द राहिला. १८९७ च्या प्रारंभी साथरोग अधिनियम संमत झाला आणि पुण्यात घरोघरच्या झडतीसाठी लष्कराचे शिपाई फिरू लागले. रुग्णास वेगळे ठेवणे हा वैद्यकीय उपाय होय. परंतु माजघरात आणि देवघरात शिरणाऱ्या शिपायांमुळे लोकांना तो अप्रतिष्ठेचा प्रकार वाटला. २२ जून १८९७ रोजी रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, त्यामागे हा क्षोभ होता. हाच अधिनियम २०२० च्या मार्च महिन्यात महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला. या वेळी शासकीय मराठीने दोन शब्दांत भेद केला. बाधित झालेल्यास वेगळे ठेवणे ते 'विलगीकरण', आणि केवळ संपर्कात आलेल्यास काही काळ वेगळे ठेवणे ते 'अलगीकरण'. भेद शास्त्रशुद्ध होता. परंतु 'वि' आणि 'अ' एवढ्याच फरकावर तो उभा असल्याने वृत्तपत्रांत आणि बोलण्यात तो टिकला नाही. परिणामी, निरोगी परंतु संपर्कात आलेल्या माणसाकडेही शेजारी रुग्ण म्हणूनच पाहू लागले. ज्या दोन शब्दांवर माणसाची समाजातील वागणूक ठरावयाची, त्यांचे ध्वनिरूप इतके जवळचे असू नये.

त्याच वर्षी 'सामाजिक अंतर' ही संज्ञा आपल्याकडे आली. इंग्रजी शब्दाचे हे शब्दशः भाषांतर होते. दोन माणसांनी काही फुटांवर उभे राहावे, एवढाच त्याचा हेतू. परंतु मराठीत 'सामाजिक' हे विशेषण माणसामाणसांमधील संबंध दर्शविते, आणि ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यता पाळली गेली, तेथे 'सामाजिक अंतर' या शब्दाने शारीरिक अंतराखेरीज आणखी काही सुचविले जाते. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्ये 'शारीरिक अंतर' या अर्थाची संज्ञा पुढे केली. मराठीत 'सुरक्षित अंतर' हा प्रयोग काही ठिकाणी झाला व तो अधिक निर्दोष होता. 'टाळेबंदी'चे उदाहरण याच्या उलट आहे. औद्योगिक कलहात मालकाने कारखाना बंद ठेवणे, या अर्थी तो शब्द कामगारांच्या चांगला परिचयाचा होता. २५ मार्च २०२० पासून तो साऱ्या देशाला लागू झाला. अर्थविस्तार झाला खरा. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्याच्या कानाला त्यातील जुना अर्थ, म्हणजे काम बंद आणि मजुरी बंद, प्रथम ऐकू आला. अनुभवाने तो अर्थ खराही ठरविला.

आता ज्या शब्दामुळे सर्वांत अधिक हानी संभवते, त्या 'निर्मूलन' या शब्दाचा विचार करू. आरोग्यशास्त्रात तीन पायऱ्या मानल्या जातात. रोगाचे प्रमाण सुसह्य मर्यादेत आणणे हे 'नियंत्रण'. विशिष्ट प्रदेशात ते ठरविलेल्या अत्यल्प पातळीखाली आणणे ही दुसरी पायरी. आणि साऱ्या जगातून रोगाचा समूळ नाश ही तिसरी. माणसाच्या रोगांपैकी तिसरी पायरी आजवर एकाच रोगाने गाठली आहे. तो रोग देवी, आणि त्याच्या उच्छेदाची घोषणा १९८० साली झाली. मराठीत मात्र 'निर्मूलन' हा शब्द दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही पायऱ्यांसाठी योजिला जातो. मुळासकट उपटणे हा त्याचा व्युत्पत्तिसिद्ध अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहतोच.

कुष्ठरोगाच्या बाबतीत याचे परिणाम स्पष्ट दिसतात. दहा हजार लोकसंख्येमागे उपचाराखालील रुग्ण एकाहून कमी, ही पातळी देशाने डिसेंबर २००५ मध्ये गाठली आणि 'कुष्ठरोगाचे निर्मूलन झाले' असे जाहीर झाले. ही गणना उपचाराखालील रुग्णांची आहे, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे. बहुविध औषधोपचाराने उपचाराचा काळ कित्येक वर्षांवरून सहा ते बारा महिन्यांवर आला. उपचार संपताच रुग्णाचे नाव नोंदवहीतून निघते. म्हणून नव्याने रोग जडणाऱ्यांची संख्या फारशी न घटताही हा आकडा खाली येऊ शकतो. २०२२-२३ या वर्षीही भारतात लाखाहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले, आणि जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातील असतात. रोग गेला असे मानणारे कुटुंब त्वचेवरील बधिर चट्ट्याकडे दुर्लक्ष करते. निदानास विलंब होतो आणि टाळता येण्याजोगे व्यंग कायमचे राहते. क्षयरोगाच्या बाबतीत मराठीत 'दूरीकरण' हा शब्द योजिला जातो व तो अधिक सावध आहे. २०२० साली त्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावातून 'नियंत्रण' जाऊन हे नवे उद्दिष्ट आले आणि २०१५ च्या तुलनेत २०२५ पर्यंत नव्या रुग्णांचे प्रमाण ऐंशी टक्क्यांनी घटविण्याचे ठरले. २०१५ मध्ये दर लाखास २३७ असलेले हे प्रमाण २०२३ मध्ये १९५ झाले होते. ही घट मोलाची आहे. पण नावातील आश्वासन आणि हा आकडा यांत केवढे अंतर आहे, हे चर्चा करणाऱ्याने विसरता कामा नये.

नाव बदलल्याने सर्व काही साधते, असा याचा अर्थ नव्हे. 'महारोग' जाऊन 'कुष्ठरोग' हा शब्द आला, तरी १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ पर्यंत रद्द झाला नाही, आणि घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग वगळण्यास २०१९ साल उजाडावे लागले. शब्द पुढे गेला आणि कायदा मागे राहिला. तरीही परिभाषा घडविणाऱ्याची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. नवी संज्ञा सुचविताना तिची मूळ इंग्रजी शब्दाशी तुलना करून आपण थांबतो. त्यापुढे जाऊन आणखी तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत. तो शब्द मराठीत आधी कोणत्या अर्थाने नांदत आहे, जवळच्या दुसऱ्या संज्ञेपासून तो कानाला वेगळा ओळखू येतो की नाही, आणि तो ऐकून सामान्य माणूस नेमकी कोणती कृती करील, हे ते तीन प्रश्न होत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातील आरोग्यकेंद्रांतील सूचनाफलक या दृष्टीने तपासले, तर संशोधनास भरपूर सामग्री मिळेल. आणि त्या फलकांपैकी काही दुरुस्त झाले, तर त्या संशोधनाचा रुग्णांनाही उपयोग होईल.