विदर्भाचा अनुशेष : एका कराराचा अपुरा हिशेब

महाराष्ट्रातून विदर्भ वेगळा व्हावा की नाही, हा वाद राज्याच्या स्थापनेपेक्षा जुना आहे. त्याची चर्चा बहुधा भाषा आणि अस्मिता या दोन अंगांनी होत आली असली, तरी या प्रश्नाचा गाभा 1953 साली दिल्या गेलेल्या एका लेखी वचनात आणि त्या वचनपूर्तीच्या हिशेबात आहे.

पूर्वेतिहास थोडक्यात असा : निजामाच्या ताब्यातील वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आले, नागपूरकर भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि 1903 मध्ये वऱ्हाड त्याला जोडले गेले. या प्रांताच्या विधिमंडळाने 1 ऑक्टोबर 1938 रोजी महाविदर्भाच्या स्वतंत्र प्रांताचा ठराव संमत केला. पुढे 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र अस्तित्वात आला.

याच काळात मराठी मुलखाच्या रचनेविषयी दोन वेगळे विचार मांडले गेले. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 च्या अहवालात आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली आणि हे राज्य आर्थिकदृष्ट्या तग धरू शकेल, असे मत दिले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषावार राज्यांवरील आपल्या पुस्तकात मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र अशी मराठी भाषकांची चार राज्ये सुचविली. एका राज्यात एकच भाषा असावी, पण एका भाषेचे एकच राज्य असावे असे नाही, हा त्यांचा युक्तिवाद आजही विचारात घ्यावा इतका सुस्पष्ट आहे.

तरीही विदर्भ महाराष्ट्रात आला, तो 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराच्या आधारावर. मुंबई, मध्य प्रदेश आणि हैदराबाद या राज्यांतील मराठी नेत्यांनी केलेल्या या करारानुसार विकासाचा निधी विभागांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जावा, मराठवाड्याकडे विशेष लक्ष दिले जावे, शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत विभागांना प्रमाणशीर वाटा मिळावा, शासनाने ठरावीक काळ नागपूरला मुक्काम करावा आणि विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन तेथे भरावे, असे ठरले. यांपैकी अधिवेशनाची अट डोळ्यांना दिसणारी असल्याने ती बहुतांशी पाळली गेली. निधीची अट मात्र मोजल्याशिवाय दिसत नाही आणि ती मोजण्याची पद्धतशीर व्यवस्था राज्यस्थापनेनंतर दोन दशकांहून अधिक काळ झाली नाही.

ही मोजणी केली ती अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने. 1983 मध्ये नेमलेल्या या समितीचे काम महाराष्ट्राच्या प्रशासकीय इतिहासात असाधारण महत्त्वाचे मानले पाहिजे, कारण तिने मागासलेपणाच्या भावनेला रुपयांत मोजता येणारे रूप दिले. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीन विकास आणि पशुवैद्यकीय सेवा या क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे, हे तिने तपासले आणि ती तूट भरून काढण्यासाठी लागणाऱ्या खर्चाला ‘अनुशेष’ म्हटले. 1984 च्या अहवालानुसार राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये होता. त्यातील सुमारे 39 टक्के विदर्भाचा, 24 टक्के मराठवाड्याचा आणि उरलेला 37 टक्के उर्वरित महाराष्ट्राचा होता. सर्वांत मोठी तूट सिंचनाची होती.

या आकड्यांतून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. विदर्भाची तक्रार खरी ठरली, कारण त्याच्या वाट्याला लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा अधिक तूट आली होती. त्याचबरोबर जिल्हा हे एकक धरल्यामुळे संपन्न समजल्या जाणाऱ्या भागातील उणिवाही उघड झाल्या. पद्धतीची मर्यादा अशी, की सरासरी स्थिर राहत नाही : पुढारलेले जिल्हे पुढे जात राहिले, तर सरासरी वर सरकते आणि मागासलेल्या जिल्ह्याने प्रगती करूनही त्याची तूट वाढते. पुढील समितीच्या गणनेत 1994 चा अनुशेष सुमारे 14,000 कोटी रुपयांवर गेला आणि त्यातील विदर्भाचा वाटा जवळपास निम्मा झाला. याचा अर्थ निव्वळ जास्त पैसे देणे पुरेसे नव्हते; पुढारलेल्या भागांचा वेग काही काळ रोखून धरण्याची राजकीय तयारी आवश्यक होती आणि तीच दिसली नाही.

घटनेच्या अनुच्छेद 371(2) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे आणि निधीच्या समन्यायी वाटपाची राज्यपालांवर विशेष जबाबदारी, अशी तरतूद 1956 पासून आहे. तरी मंडळे स्थापन होण्यास 1994 साल उजाडले. 2001 पासून राज्यपालांच्या निर्देशांनी निधीवाटपाला शिस्त लागू लागली, परंतु 30 एप्रिल 2020 रोजी मंडळांची मुदत संपली आणि ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2022 मध्ये घेतला. घटनेने सोपविलेल्या कामात असा खंड पडणे अक्षम्य आहे.

विदर्भाच्या नेत्यांकडे सत्ता नव्हती, असे म्हणता येत नाही. मारोतराव कन्नमवार, अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्रिपदी राहिलेले वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस हे सर्व विदर्भाचेच. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला 1988 मध्ये बसली आणि पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तरी पाणी शेतापर्यंत नेण्याचे काम दशकानुदशके रेंगाळले. शिवाय विदर्भाच्या पोटातही असमतोल आहे : सिंचनाची तूट अमरावती विभागात, म्हणजे पश्चिम विदर्भात, हट्टाने टिकून राहिली.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा : विदर्भाचे महाराष्ट्रात राहणे सशर्त होते, आणि अटी मोडल्या गेल्यास वेगळे होण्याच्या मागणीला नैतिक आधार मिळतो. मात्र केवळ सीमारेषा बदलून ही तूट भरत नाही. जिल्हानिहाय हिशेबाची सक्ती नसेल, तर मुंबईची जागा नागपूर घेईल आणि यवतमाळ व बुलढाणा जिथल्या तिथे राहतील. म्हणून सर्व जिल्ह्यांचा अनुशेष नव्याने मोजावा, तो दरवर्षी विधिमंडळात मांडावा आणि ठरलेल्या मुदतीत तो घटला नाही, तर अनुच्छेद 3 खाली संसदेने वेगळ्या राज्याचा विचार करावा. नव्या राज्याच्या कायद्यातही हीच सक्ती पहिल्या दिवसापासून असावी.