गृहस्थाचे ध्यान आणि सम्मासमाधी

पुंडलिकनगरातील घरे पहाटेच जागी होतात. शहराला नळाचे पाणी गेली अनेक वर्षे काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. पाण्याच्या दिवशी घरातील साऱ्यांचे वेळापत्रक त्या नळावर अवलंबून असते. कोणाला चिकलठाण्याच्या वा वाळूजच्या कारखान्यातील पहिली पाळी गाठावयाची असते, कोणाला मुलांचे डबे भरावयाचे असतात. अशा घरी ध्यानाचा विषय काढला की आम्हांस दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रश्न वेळ कोठून आणावयाचा, हा. दुसरा अधिक मूलगामी आहे. बाबासाहेबांनी आपल्याला संघर्ष शिकविला. मग डोळे मिटून बसणे हे त्या संघर्षापासून पळणे नव्हे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. म्हणून त्याचाच विचार आधी करू.

बाबासाहेबांनी केलेला भेद

ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात अष्टांगिक मार्गाचे विवेचन करताना त्यांनी समाधी आणि सम्मासमाधी यांत स्पष्ट भेद केला आहे. केवळ समाधी म्हणजे चित्ताची एकाग्रता. तिच्यामुळे लोभ, द्वेष, आळस, संशय यांसारखी नीवरणे काही काळ दबून राहतात. परंतु समाधी उतरली की ती पुन्हा डोके वर काढतात. म्हणून बाबासाहेब तिला अभावात्मक मानतात. सम्मासमाधी भावात्मक आहे. ती चित्ताला कुशल कर्माचा विचार करण्याचे वळण लावते आणि हे वळण कायमचे असते.

या भेदावरून गृहस्थाला आपल्या ध्यानाची कसोटी सापडते. आसनावर किती वेळ शांत वाटले हे महत्त्वाचे नाही. आसनावरून उठल्यावर आपण पत्नीशी, मुलांशी, शेजाऱ्याशी आणि सहकाऱ्याशी कसे वागलो, हे महत्त्वाचे आहे. जे ध्यान माणसाला अन्यायाविषयी उदासीन करते, ते या कसोटीला उतरत नाही. अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजे क्षांती नव्हे. काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेत नोव्हेंबर १९५६ मध्ये बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना बाबासाहेबांनी याच दिशेने मांडणी केली होती. बळजबरीने आणलेला बदल बळ ओसरताच संपतो. मन बदलले तर मनुष्य स्वेच्छेने न्यायाने वागतो, असा त्या मांडणीचा आशय होता. मनाचे हे परिवर्तन घडविण्याचे साधन म्हणजे ध्यान होय.

मूठ आणि विळा

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली आपल्या शहरात महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव मिळाले. ज्या ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथातून ही नावे आली, त्यात ध्यानाचे मर्म सांगणारा एक दृष्टान्त आहे. मनसिकार आणि प्रज्ञा यांत फरक काय, असे मिलिंद राजा विचारतो. कापणी करणारा माणूस डाव्या हाताने पिकाची मूठ धरतो आणि उजव्या हातातील विळ्याने ती कापतो, याकडे नागसेन त्याचे लक्ष वेधतात. मनसिकार धरतो, प्रज्ञा छेदते. गहू वा बाजरी कापलेल्या मराठवाड्यातील माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मूठ ढिली असेल तर विळा कितीही धारदार असला तरी कापणी नीट होत नाही. पुष्कळ वाचलेल्या, भाषणे ऐकलेल्या कार्यकर्त्यालाही ऐन प्रसंगी क्रोध आवरत नाही, तेव्हा त्याच्याकडे विळा असतो. मूठ मात्र नसते.

नित्याचा अभ्यास

आता वेळेचा प्रश्न. दहा दिवसांच्या शिबिराला जाणे रोजंदारीवरच्या माणसाला नेहमी शक्य नसते. परंतु आनापानसतीला ना शिबिर लागते, ना पैसा. पाठ ताठ परंतु सैल ठेवून बसावे आणि श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढेच जाणावे. मन भटकत असेल तर श्वास मोजावेत. आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात पाचपेक्षा कमी नाही आणि दहापेक्षा जास्त नाही, अशी मोजण्याची मर्यादा सांगितली आहे. मन भटकले हे लक्षात येणे म्हणजे अपयश नव्हे. तेच स्मृतीचे जागे होणे आहे. प्रारंभी दहा मिनिटे पुरेत.

त्याला मेत्ताभावनेची जोड द्यावी. प्रथम स्वतःविषयी, मग मित्राविषयी, मग परक्याविषयी आणि शेवटी ज्याच्याशी वैर आहे त्याच्याविषयीही हिताची इच्छा जोपासावी. याचा अर्थ त्याचे दुष्कृत्य मान्य करणे असा नाही. त्याच्या दुष्कृत्याला विरोध करताना आपले चित्त द्वेषाने मलिन होऊ न देणे, असा आहे.

सतिपट्ठान सुत्तात चालणे, जेवणे, बोलणे, गप्प राहणे या सर्व क्रिया जाणीवपूर्वक करावयास सांगितल्या आहेत. तेव्हा पाण्याची वाट पाहणे, कारखान्याच्या बसमधील प्रवास, भाकरी थापणे, हेही अभ्यासाचे प्रसंग होऊ शकतात. अपमानकारक शब्द कानी पडणे आणि आपले उत्तर तोंडातून निघणे यांमध्ये जो क्षण असतो, तो अभ्यासाने आपल्या हाती येतो. त्या क्षणी गप्प राहावयाचे, ठामपणे बोलावयाचे की कायद्याचा मार्ग धरावयाचा, हे मग आपण ठरवितो. क्रोध ठरवीत नाही.

एक गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. घरातील पुरुष ध्यानाला बसतो आणि स्त्री त्याच वेळी पाणी भरते, हे धम्माचे आचरण नव्हे. तिची दहा मिनिटे मोकळी करण्यासाठी हंडा उचलणे हाही त्या ध्यानाचाच भाग आहे.

लाभ आणि मर्यादा

ध्यानाचा वैद्यकीय अभ्यासही झाला आहे. ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात २०१४ साली ४७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, खिन्नता आणि वेदना यांत ध्यानाने अल्प ते मध्यम प्रमाणात सुधारणा होते, असे त्यात आढळले; मात्र औषधे वा व्यायाम यांहून ते सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणून आजारी माणसाने ध्यानाच्या भरवशावर औषध बंद करू नये. मन फार खचले असेल तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. धम्म चमत्कार शिकवीत नाही.

आपल्या शहरालगतच्या बुद्ध लेण्यांतील तिसऱ्या लेण्यात, गर्भगृहातील बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष उपासक शिल्पकाराने कोरले आहेत. प्रत्येकाचा चेहरा, केशरचना, अलंकार वेगळे आहेत. ते भिक्खू नाहीत. आपल्यासारखे गृहस्थ आहेत. लेण्यांतून उतरल्यावर असे उपासक आपल्या घरी, आपल्या कामाला परतत असतील. आपल्यालाही विहारातून घरीच परतावयाचे आहे. विहारात मिळविलेली शांती उंबरठ्याच्या आत टिकते काय, हे रोज तपासावे. अभ्यास योग्य दिशेने चालला आहे की नाही, ते तेथेच कळेल.